५७ किलोचा पैलवान आणि हुकलेला अर्धा तास

यात्रेचे दिवस आले की पुसद, उमरखेड, दिग्रस या पट्ट्यात कुस्त्यांची दंगल भरते. भुसभुशीत केलेली माती, भोवती गर्दी, हलगीचा ठेका आणि अंगाला माती चोळत उभी असलेली पोरं, हे चित्र फारसं बदललेलं नाही. बदलली आहे ती पोरांच्या हातातली पिशवी. पूर्वी तिच्यात लंगोट आणि टॉवेल असायचा, आता प्लास्टिकचा शेकरही असतो. घरी प्रोटीन पावडरचा दोन-तीन हजारांचा डबा असतो आणि तो आणण्यासाठी बापाने कुठे हात पसरलेले असतात, हे त्या घरालाच माहीत.

याच आखाड्यांच्या भिंतीवर मारुतीच्या शेजारी बरेचदा एका बुटक्या, पिळदार पैलवानाचा फोटो लावलेला असतो. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा माणूस. त्यांच्या उमेदीच्या काळात असा डबा आपल्याकडच्या बाजारात नव्हताच. मग त्यांचं शरीर घडलं कशावर, आणि ते कमी पडलं तर नेमकं कशाने? आहारशास्त्राच्या अंगाने खाशाबांचं आयुष्य पाहिलं की या प्रश्नांची बरीच उत्तरं मिळतात.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच मुलांतलं हे शेंडेफळ. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं, आणि आठव्या वर्षी त्यांनी भागातल्या एका नामांकित मल्लाला दोन मिनिटांत आडवं केलं, असं सांगतात. आठ वर्षांच्या मुलाचे स्नायू फुगत नाहीत. त्यासाठी लागणारी संप्रेरकं वयात आल्यावरच शरीरात पुरेशी तयार होतात. त्या वयात सुधारतं ते मेंदू आणि स्नायू यांच्यातलं काम: कोणता स्नायू कधी आवळायचा, तोल कुठे टाकायचा, समोरच्याचं वजन त्याच्याच अंगावर कसं उलटवायचं. लहान पोराला पावडर पाजून दंड फुगवू पाहणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. गोळेश्वरच्या मातीत खाशाबांना मिळाला तो दहा-बारा वर्षांचा सराव, आणि तो कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोचवणं ही कामं त्यांनी केली. पुढे राजाराम कॉलेजसाठी ते कोल्हापूरला आले आणि इथून त्यांच्या कुस्तीला वेगळं वळण लागलं.

कोल्हापूर म्हणजे खुराकाचं गाव. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, खासबागेचं मैदान बांधलं. कट्ट्यावर म्हैस समोर पिळून निरसं दूध प्यायची तिथली रीत अजून पूर्ण गेलेली नाही. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम घालून घोटलेली थंडाई, मटण, अंडी आणि भाकरी. आजच्या तराजूत हा खुराक तोलून पाहिला तर तो कुठेच हलका ठरत नाही. एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ३७ ग्रॅम प्रथिनं असतात आणि हजारावर कॅलरी. पन्नास ग्रॅम बदामात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं आणि तीनशेच्या आसपास कॅलरी. ज्या व्हे प्रोटीनची आज इतकी जाहिरात होते, ते दुधातच असतं. दूध फाडून पनीर काढलं की मागे जे पाणी उरतं, ते गाळून, आटवून, सुकवून पावडर होते. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण वीस टक्के व्हे आणि बाकीचं केसिन. व्हे लवकर पचतं, केसिन हळूहळू. ज्याने दूध प्यायलं त्याला दोन्ही मिळालं.

पण या खुराकाची एक गोम आहे. तो मातीतल्या कुस्तीसाठी घडला होता. जुन्या निकाली कुस्तीला ना वजनाचा गट, ना घड्याळाचा धाक. समोरचा चीतपट होईपर्यंत झुंज चालायची आणि अशा झुंजीत अंगावरचं वजन हेच हत्यार असायचं. म्हणून तूप-बदामाने शरीर भरायचं. ऑलिम्पिकची कुस्ती वेगळी. तिथे आधी काटा असतो, मग आखाडा. ठरलेल्या वजनाच्या वर एक रतीही चालत नाही. खाशाबांसारख्या लहान चणीच्या मल्लाला मोठ्या पैलवानाचा खुराक जशाचा तसा घेणं परवडणारं नव्हतं. त्यांना हवी होती किलोमागची ताकद. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या तालमीत त्यांनी ती कमावली. जोर-बैठका शेकड्यांनी मारायचे, आणि हुकमी डाव ढाक: समोरच्याचं डोकं काखेत दाबून त्याला उचलून आपटायचं. या डावात स्नायूच्या आकारापेक्षा झटक्याचा वेग महत्त्वाचा ठरतो.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरूच होतं. खेळाडूंना गोदी कामगार आणि खाणकामगार यांच्याइतकं वाढीव रेशन मंजूर झालं होतं: सामान्य नागरिकाला दिवसाला २६०० कॅलरी आणि खेळाडूला ५४६७. खेळाडू हा जास्त खाणारा कष्टकरी आहे, ही गोष्ट तिथल्या सरकारने कागदावर मान्य केली होती. ५२ किलोच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते कमी पडले. सहावा क्रमांक. पोटाला कमी पडलं म्हणून ही हार झाली नव्हती. मॅटची कुस्ती त्यांना नवी होती. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, दमाला उसंत मिळते. मॅटवर सगळं झपाट्याने होतं. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना मॅटवरचे बारकावे शिकवले. त्या काही आठवड्यांचा उपयोग पुढच्या चार वर्षांच्या खाण्यापिण्याइतकाच झाला असावा, असं मला वाटतं.

पुढचं लक्ष्य हेलसिंकी होतं, आणि गट ५७ किलोचा. दोन गटांच्या मर्यादेत पाच किलोचा फरक, हातात चार वर्षं. म्हणजे वर्षाला सव्वा किलो. इथे थोडं गणित करू. स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, प्रथिनं जेमतेम पंचमांश. सव्वा किलो नव्या स्नायूत अडीचशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं साठतात. ती वर्षभरात साठवायची, म्हणजे दिवसाला एक ग्रॅमही नाही! मग खेळाडूला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं रोज का सांगतात? कारण शरीर रोज स्नायू मोडतं आणि पुन्हा बांधतं. व्यायामाने ही मोडतोड वाढते, आणि अमिनो आम्लांचा काही भाग इंधन म्हणूनही जळतो. ५७ किलोच्या पैलवानाला हा हिशोब ८० ते ११५ ग्रॅमच्या घरात जातो. त्यापुढे कितीही चमचे घोटले तरी जास्तीचा माल जळतो किंवा चरबी होऊन बसतो, त्यातलं नत्र लघवीवाटे जातं.

खाशाबांच्या वाट्याला आलेल्या अडचणी दूध-बदामाच्या नव्हत्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे टाकण्यात आलं. हा निकाल अन्यायाचा आहे असं म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. निवड झाली तर प्रवासाला पैसे नाहीत. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे मागितलेली चार हजारांची मदत मिळाली नाही. गोळेश्वरने वर्गणी काढली. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी जमेल तसे पैसे दिले. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्पर्धेच्या आधीचे आठवडे म्हणजे खाणं, झोप आणि सराव यांची घडी बसवण्याचे दिवस. ते खाशाबांनी दारोदार फिरण्यात घालवले. झोप मोडली, चिंता वाढली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वर राहतं आणि स्नायूंची डागडुजी मंदावते, हे आता आपल्याला प्रयोगशाळेतून कळलं आहे. घरातल्या बायाबापड्यांना ते आधीपासून ठाऊक होतं: काळजीने अंगी लागत नाही.

जुलै १९५२. हेलसिंकीच्या ५७ किलो गटात अनेक देशांचे मल्ल होते. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. त्या काळी एक लढत पंधरा मिनिटांपर्यंत चालायची. आजच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या अडीच पट. मग समोर आला जपानचा शोहाची इशी, मूळचा ज्युदोचा खेळाडू. ही झुंज पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा हरले. कुस्तीच्या जगात पुढची हकीकत अशी सांगतात: दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम असताना खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं, आणि आक्षेप घ्यायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढतही हरले. २३ जुलैला ब्राँझ पदक निश्चित झालं. सुवर्ण इशीला मिळालं, रौप्य ममदबेकोव्हला.

तो अर्धा तास मिळाला असता तर शरीरात काय घडलं असतं?

कुस्तीत झटका लागतो तेव्हा स्नायू पहिल्यांदा क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा वापरतो. हा साठा म्हणजे खिशातली रोकड. जोर लावला की पाच-दहा सेकंदांत खर्च होते. मग ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, प्राणवायूविना भराभर फोडली जाते. यात लॅक्टेट तयार होतं, स्नायूतली आम्लता वाढते, हात जड होतात, पकड सुटू लागते. पंधरा मिनिटांच्या झुंजीत हे चक्र वीस-पंचवीस वेळा फिरतं. मध्ये उसंत मिळाली तर क्रिएटिन फॉस्फेट मिनिटाभरात निम्मं आणि पाच-सहा मिनिटांत बहुतेक सगळं भरून निघतं. लॅक्टेट मात्र हळू ओसरतं. रक्तातलं निम्मं लॅक्टेट उतरायला पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. हलकं चालत राहिलं तर जरा लवकर. अर्ध्या तासात आम्लता बरीचशी निवळते, छातीची धडधड जवळपास ताळ्यावर येते, तापलेलं अंग निवतं, घोटभर पाणी आणि चिमूटभर मीठ पोटात जातं. ग्लायकोजेन तेवढ्यात भरत नाही, त्याला एक दिवस जातो. पण मुठीत पकड परत येण्यासाठी अर्धा तास पुरेसा असतो.

आता कल्पना करू की त्या दिवशी खाशाबांच्या पिशवीत आजची सगळी पूरकं होती.

व्हे पावडर त्या क्षणी निरुपयोगी. प्रथिनं डागडुजीसाठी असतात. दोन लढतींच्या मधल्या मिनिटांत त्यांचा काही उपयोग नाही. क्रिएटिन हे मात्र खरंखुरं काम करणारं पूरक आहे, आणि ज्या मोजक्या पूरकांना भक्कम पुरावा आहे त्यांत त्याचा क्रमांक वरचा. १८३२ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसात शोधलं. ते खाऊन स्नायूतला साठा वाढवता येतो हे मात्र १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. शरीर स्वतः दिवसाला साधारण एक ग्रॅम बनवतं. मांसातून किलोमागे चार-पाच ग्रॅम मिळतं. रोज तीन ते पाच ग्रॅम पूरक घेतलं तर साठा सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, शाकाहारी माणसात थोडा अधिक. फायदा हा की लागोपाठ झटक्यांमध्ये स्नायू जरा लवकर सावरतो. पण त्याबरोबर स्नायूत पाणी धरलं जातं आणि वजन अर्धा ते एक-दीड किलो वाढतं. मातीत वजनाचा गट नसताना हे चाललं असतं. ५७ च्या काट्यावर तोच किलो महागात पडतो.

कॅफिनने थकव्याची जाणीव कमी होते, हे सिद्ध आहे. खाण्याच्या सोड्याने रक्तातली आम्लता शोषली जाते, हेही. पण किलोमागे ०.३ ग्रॅम हा सोड्याचा डोस ५७ किलोला सतरा ग्रॅम होतो, आणि एवढ्या सोड्याने पोट जे ढवळून निघतं त्यात कुस्ती बाजूलाच राहते. घरी हा प्रयोग कुणी करू नये. सगळी पूरकं एकत्र केली तरी खेळात पडणारा फरक दोन-तीन टक्क्यांचा. खाशाबांना कमी पडला तो अर्धा तास, आणि नियम दाखवणारा एक माणूस.

वजनाच्या काट्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. आजची पोरं डब्यावर पैसे खर्च करतात आणि दुसऱ्या बाजूने वजन उतरवायला पाणी तोडतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना मारतात. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीन ग्रॅम पाणी बसलेलं असतं. वजन झटक्यात उतरतं तेव्हा हे दोन्ही जातात, म्हणजे इंधनच जातं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले: रबरी सूट घालून बंद गरम खोलीत व्यायाम, पाणी बंद. तेव्हा संशय क्रिएटिनवर घेतला गेला. कारण निघालं पाणी तोडणं आणि अंगात कोंडलेली उष्णता. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने बाद झाली, ते सगळ्यांना आठवतं. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने खाशाबांच्याच ५७ किलो गटात ब्राँझ मिळवलं. त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितल्यानुसार उपांत्य लढतीनंतर त्याने दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं होतं. त्याच्यासोबत रात्रभर जाणकार प्रशिक्षक जागे होते. आपल्या तालुक्याच्या गावी एखादा सतरा वर्षांचा मुलगा हे एकटा करतो तेव्हा सोबत कुणी नसतं.

पदक घेऊन खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. एरवी थोड्या वेळात होणारा गोळेश्वरचा रस्ता त्या दिवशी सात तास चालला. मिरवणूक संपली, कर्ज उरलं. खाशाबांनी दंगलीत कुस्त्या धरल्या आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर गहाणातून सोडवलं. ऑलिम्पिकचा पदकविजेता विश्रांतीच्या मोसमात कर्ज फेडण्यासाठी लढत होता! १९५५ मध्ये ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचं त्यांच्या मनात होतं, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती वाट बंद झाली. कुस्तीत गुडघा पिळवटला जातो, आणि फाटलेला अस्थिबंध किंवा कूर्चा कुठल्याही पावडरने जोडली जात नाही, तेव्हाही आणि आताही.

ते वर्दीत असताना जगात खेळाडूंचं खाणं बदलत होतं. अमेरिकेत प्रोटीन पावडरचा धंदा नेमका हेलसिंकीच्या सुमारास सुरू झाला, आणि सुरुवातीच्या त्या पावडरी मुख्यतः सोयाबीनच्या पिठाच्या होत्या. १९५८ साली मेथॅन्डिनोन हे स्टिरॉइड बाजारात आलं. ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचण्या सुरू व्हायला १९६८ उजाडलं. त्यानंतर पूरक आणि औषध यांच्यातली रेघ पुसट होत गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मदतीने जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतली ६३४ पूरकं तपासली, तेव्हा ९४ डब्यांत लेबलवर न छापलेली संप्रेरकसदृश द्रव्यं सापडली. शंभरात जवळपास पंधरा. डब्यात काय आहे हे खेळाडूला माहीत नव्हतं, ही सबब उत्तेजकविरोधी नियमांत त्याला वाचवत नाही. अंगात सापडलं की जबाबदारी त्याची.

आपल्या राज्यात याहून वाईट प्रकार सुरू आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरलं जाणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन काही जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये ताकदीचं औषध म्हणून चोरून विकलं जातं. पोलिसांनी ठिकठिकाणी असे साठे पकडले आहेत. ते ताकद देत नाही. रक्तदाब आणि हृदयाची गती चढवतं, थकवा दडवतं, आणि थकवा दडला की माणूस हृदयाच्या मर्यादेपलीकडे पळतो. हे इंजेक्शन जिथे दिसेल तिथून पोराला हात धरून बाहेर काढावं.

यवतमाळच्या शेतात काय पिकतं ते पाहा. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या त्या डब्यांतला माल आपण क्विंटलने मोंढ्यावर घालतो आणि त्याच पैशातून डबा विकत आणतो. (सोयाबीन कच्चं खाऊ नये. नीट शिजवल्याशिवाय त्यातली पचन रोखणारी द्रव्यं जात नाहीत.) तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी म्हणजे तीस ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम तुरीची डाळ वीसच्या वर, मूठभर शेंगदाणे बारा, एक लिटर दूध सदतीस. ५७ किलोच्या पैलवानाचा दिवसाचा हिशोब इथे अंडं-मटण न धरताच पुरा होतो. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत भरपूर. वरण-भाकरी एकत्र खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. ज्याला दूध पचत नाही, किंवा मुक्कामी स्पर्धेत धड जेवण मिळत नाही, त्याला चांगल्या कंपनीची, तपासणीचा शिक्का असलेली व्हे पावडर सोयीची आहे, त्यात काही पाप नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण दूधच परवडत नाही त्या घराने दुधाचं पाणी सुकवून केलेली पावडर विकत घ्यावी, हा व्यवहार मला कधी समजलेला नाही.

पोलिस खात्यात खाशाबांनी सत्तावीस वर्षं काढली. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, नव्या मुलांना शिकवलं, सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी मशाल धरली होती. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मात्र त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला, वय ५८. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं, टेनिसमध्ये. अर्जुन पुरस्कार खाशाबांच्या नावे जाहीर झाला तो २००० साली, त्यांना जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.